दोन वर्षांची तार

“काका, तुमच्या स्वतःच्या घरी कुठलं नेट आहे?”

एवढं एक वाक्य विचारायला शेपटीने दुकानासमोर तीन फेऱ्या मारल्या होत्या. चौथ्या फेरीला ती दार ढकलून आत शिरली. काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून “बोला” म्हटलं मात्र, तिने हातातलं गरम भांडं टाकावं तसा प्रश्न टाकून दिला.

प्रश्न तिचा नव्हताच मुळी, पैजेचा होता. जुन्या गावात त्या चौघी होत्या. सरपंच सगळ्यांच्या वतीने ठरवायची, ठसका हसता हसता खोकायला लागायची, पाढेवालीला एकोणतीसचा पाढा उलटा यायचा, आणि चौथी आपली ही, सदान्‌कदा तिघींच्या मागे, म्हणून शेपटी. दुकानात रबर मागायचं असलं तर सरपंच मागायची. बाईंना शंका विचारायची तर पाढेवाली विचारायची. शेपटीने नुसतं तिथे असायचं. खरं सांगायचं तर तिला त्यात फार सुख होतं. तीन तोंडं चालू असताना चौथं उघडायची गरजच काय?

मग वडिलांचं इथलं काम निघालं. ते कारखान्यांत मशीन बसवून द्यायचे. मशीन उभं राहिलं, चार महिने नीट चाललं, की पुढचं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात शेपटी एकूण अकरा शब्द बोलली, त्यातले सहा म्हणजे रोजचं ‘हजर’. हा आकडा पाढेवालीने काढला. तो ऐकून तिघींनी फोनवर पंचायत भरवली आणि निकाल दिला: मधूनमधून एकेक पैज. त्या सांगतील तो प्रश्न, त्या सांगतील त्या अनोळखी माणसाला विचारायचा आणि उत्तर आणून हजर करायचं.

पहिल्या पैजेत बसच्या ड्रायव्हरला किती वाजले एवढंच विचारायचं होतं, तर तिच्या तळहातांना घाम फुटला. पाचव्या पैजेत तिने शाळेच्या ग्रंथपालबाईंना विचारलं, की यातली तुम्ही किती वाचलीयत? बाई तिच्याकडे बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, दोन कपाटं. दहाव्यानंतर घाम येणं थांबलं. पंधराव्यानंतर मजा यायला लागली. आजची एकविसावी. शेपटीची जीभ अशी सुटली होती की आईला आता तिला गप्प बस म्हणावं लागायचं, आणि ते म्हणताना आईला आनंद व्हायचा.

अडचण एकच होती. जीभ सुटली हे ज्यांना सांगायचं त्या तिघी फोनमध्ये राहत होत्या, आणि फोनमधलं रोजचं नेट दुपारी चारच्या सुमारास संपायचं. शेपटी अडीचला शाळेतून घरी यायची, आई-बाबा सातला. चार ते सात घरात फक्त फ्रिजचा आवाज असायचा. तो मध्येच थांबायचा तेव्हा तर शेपटी उगाच खुर्ची सरकवायची. चारच्या आधी फोन लागलाच तर चित्र अडकायचं. ठसक्याचं तोंड उघडं राहायचं ते उघडंच. सरपंचाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. शेपटी काही सांगायची, मग पलीकडे बराच वेळ काही नाही, मग एक ‘हं’. ती म्हणायची, मेलं हे नेट.

शेवटी बाबा म्हणाले, घरी नीट कनेक्शन घेऊ. तूच शोध, तूच तुलना कर, तूच सांग, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आता ज्या मुलीला बोलण्याची नवी नवी चटक लागलीय तिला असं काम द्यावं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच की. शेपटीने वहीत तीन रकाने आखले आणि इमारतीतल्या चौदाच्या चौदा घरांच्या घंटा वाजवल्या. तुमच्याकडे कुठलं, कधी बंद पडतं, बंद पडलं की माणूस किती दिवसांनी येतो. तळमजल्यावरच्या शिंप्याने शिलाई मशीन थांबवून तिला अर्धा तास केबलवाल्याचं गाऱ्हाणं सांगितलं. वारा सुटला की केबल बंद, केबलवाल्याचं लग्न तेव्हा चार दिवस बंद, त्याचा मेहुणा आला तेव्हाही बंद. केबलचा रकाना शेपटीने त्याच्यासमोरच खोडला.

उरले दोन. महिन्याचा खर्च दोन्हींचा उन्नीस-बीस, त्यामुळे तिकडून काही निकाल लागेना. एक फायबर. वेग दणदणीत, पण दोन अटी. घेतलं की दोन वर्षं सोडता येणार नाही, आणि तार आत घ्यायला हॉलच्या भिंतीला भोक पाडावं लागणार. दुसरी डबी. पांढरी, खाऊच्या डब्याएवढी, आत सिमकार्ड. प्लगला लावा, चालू. जायची वेळ आली की पिशवीत टाका, चालते व्हा.

आता, भिंतीला भोक हे तुमच्या-आमच्या घरी मोठं नसेल. शेपटीच्या घरी होतं. तिच्या बाबांचा नियम होता, भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही. एकही नाही. त्यामुळे त्यांचं घड्याळ फ्रिजवर डब्याला टेकून उभं असायचं. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला लटकायचं, आणि त्या खुर्चीत कोणी बसलं की महिना दिसायचा नाही. आरसा जमिनीवर भिंतीला टेकवलेला, म्हणून वेणी घालायची तर शेपटीला उकिडवं बसावं लागे. नऊ घरं झाली, नऊही अशीच. दुसऱ्यांच्या कारखान्यात दहा दहा टनांची मशीनं जमिनीत रोवणारा माणूस स्वतःच्या घरात हातोडी काढत नसे. कोणी विचारलंच तर हसून म्हणायचा, खिळा ठोकला की घराला वाटतं, आपण राहणार.

आणि हे घर तर फक्त एका वर्षासाठी होतं. येताना सामानाच्या गाडीत शेपटी इतकी रडली होती, की बाबांनी तिथल्या तिथे वचन दिलं: एक वर्ष, बाळा, मग आपण परत. जुन्या गावातल्या कारखान्यात देखभालीचं काम मिळतंय, मी तेच घेईन. ते वर्ष शेपटी चॉकलेटचा शेवटचा तुकडा चघळावा तसं पुरवून पुरवून घालवत होती. तिच्या खाटेखाली एक खोका अजून चिकटपट्टी लावलेला होता. त्यावर तिनेच लिहिलेलं, ‘परत गेल्यावर उघडणे’.

म्हणजे डबीच घ्यायची, हे काय सांगायला हवं? चार महिने राहिले असताना दोन वर्षांची तार कोण ओढून घेतं? डबीसमोर तिने बरोबरची खूण करूनही टाकली होती. मागच्या रविवारी तिने तिघींना ते कळवलं तेव्हा सरपंचाने पैज घातली, की आधी त्या दुकानदाराला विचार, त्याच्या घरी काय आहे. विकणारा स्वतः काय खातो ते बघावं.

तर, काका.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणाले. आणि मग, दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून,

“माझ्याकडे डबी आहे.”

शेपटी खूश झाली. म्हणजे डबी चांगली, तिने ठरवून टाकलं. पण काका मान हलवत होते.

“चांगली म्हणून नाही गं. भाड्याचं घर. मी इथे आलो तेव्हा म्हटलं, दोन-तीन वर्षं काढू आणि आपल्या गावी जाऊ. तार घ्यायची तर राहायचं ठरवावं लागतं. मग डबीवर भागवलं.”

“किती वर्षं झाली?”

“सोळा.” ते हसले, पण ओठांतल्या ओठांत. “दिवसभर लोकांना तार घ्या म्हणून सांगतो. घरी गेलो की डबी खिडकीत ठेवून गोल गोल फिरवत बसतो, कुठून येतंय का बघायला.”

शेपटीने वही पुढे केली. काकांनी तिचे रकाने नीट वाचले, केबलवाल्याच्या मेहुण्यापाशी हसले, आणि एक चूक दाखवली. तिने सगळ्या घरांचा येणारा वेग लिहून आणला होता, जाणारा कुठेच नव्हता. सगळे येणाराच विचारतात, काका म्हणाले. सिनेमा बघायला तो पुरतो. पण बोलायला नेट हवंय ना तुला? तुझा चेहरा, तुझा आवाज इथून निघतो तो जाणाऱ्या वेगावर. डबीचा काय, फोनचा काय, येणारा बरा असतो, जाणारा लंगडा. फायबरचे दोन्ही पाय सारखे.

शेपटीच्या डोक्यात लख्ख पडलं. तरीच! तरीच तिने काही सांगितलं की पलीकडून एवढा वेळ काही यायचं नाही. तिचं बोलणं वाटेत लंगडत चाललेलं असायचं. तिघी बिचाऱ्या वाट बघत असणार.

दुकानाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली होती, गिऱ्हाइकांनी फायबर वापरून बघण्यासाठी. खुर्ची, टेबल, मोठा पडदा आणि भिंतीवर दोन आकडे, येणारा आणि जाणारा. काकांनी तिला आत बसवलं आणि म्हणाले, लाव मैत्रिणींना. दहा मिनिटं. स्वतःच बघ आणि मग ठरव.

शनिवार दुपार होती. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर चौघी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायच्या. फोन लागला, आणि पडद्यावर कठडा आला. इतका स्पष्ट, की डाव्या कोपऱ्यातला उडालेला रंगसुद्धा दिसला. तिघी दिसल्या. ठसक्याच्या हनुवटीवर पुटकुळी आली होती. पाढेवालीने केस कापले होते, आणि ते शेपटीला माहीत नव्हतं, जरी त्या तीनदा बोलल्या होत्या. कारण तीनदाही ती नुसता चौकोनी ठिपक्यांचा गोळा होती.

“अगं, किती नीट दिसतेयस तू,” सरपंच म्हणाली. पहिलं अर्धं मिनिट त्या एकमेकींना नुसत्याच बघत हसल्या.

कठड्यावर चौथी एक मुलगी होती. शेपटीच्या जागेवर, कडेला, जिथून पाय खाली सोडता येतात तिथे. लाल रिबिनीची. सरपंचाने ओळख करून दिली, नवीन आलीय, आपल्या बाकावर बसते. रिबीनवालीने गोड हात हलवला. ती काही बोलली नाही. ती न बोलणारीच असावी. शेपटीला वाटलं, आपला जुना फ्रॉक दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसतोय.

मग बोलणं सुरू झालं. कुठल्याशा सरांच्या छत्रीची काहीतरी गंमत झाली होती. ठसका खोकेपर्यंत हसली. शेपटीने विचारलं, काय झालं? पाढेवालीने सांगायला घेतलं, मध्येच म्हणाली, नाही गं, ते तिथे असायला पाहिजे. मग शेपटीने तिची गोष्ट सुरू केली. चौदा घरं, शिंप्याचा केबलवाला, त्याचा मेहुणा. हे सगळं ती आठवडाभर मनात घोळवून आली होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा तेसुद्धा. तिने मेहुण्याशी थांबून बघितलं.

“हं,” सरपंच म्हणाली.

शेपटीने भिंतीकडे पाहिलं. दोन्ही आकडे काठोकाठ होते. तिचं बोलणं निघालं त्या क्षणी पोहोचत होतं. आणि पलीकडची शांतता जशीच्या तशी, एका क्षणाचाही उशीर न होता, इकडे येत होती.

“मी विचारलं त्यांना,” ती घाईने म्हणाली. “दुकानातल्या काकांना.”

“काय विचारलं?”

त्यांच्या पैजेचा प्रश्न त्यांच्याच लक्षात नव्हता.

शेपटीने तरीही सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सरपंच “म्हणजे त्या—” म्हणून थांबली. तोंड अर्धं उघडं, हात हवेत. तिच्या शेजारी ठसका थांबली. पाढेवाली थांबली. पापणीसुद्धा हलेना.

हे काय आहे ते कळायला शेपटीला आकडे बघायची गरज नव्हती. हा पुतळा होता. सरपंचाची एक आत्या होती, रोज व्हिडिओवर यायची आणि मार्क विचारून पोरीचा जीव नकोसा करायची. तेव्हा एका शनिवारी याच कठड्यावर शेपटीने युक्ती काढली होती: वाक्याच्या मध्ये थांबायचं, श्वास धरायचा, आत्या “हॅलो, हॅलो” करायला लागली की फोन ठेवून द्यायचा. म्हणायचं, नेट गेलं. चौघींमध्ये शेपटीच्या नावावर जमा असलेला हा एकमेव शोध. त्याचा तिला किती अभिमान होता.

मागे रिबीनवालीला हा खेळ कोणी शिकवलेला नव्हता. ती पाय हलवत होती. हिच्याकडे बघ, तिच्याकडे बघ, या अशा काय बसल्यात हे तिला कळत नव्हतं. तिची रिबीन वाऱ्यावर छान उडत होती. ठसक्याचे खांदे खोकला दाबून गदगदत होते.

आता आत्या कोण, हे उघडच होतं.

“हॅलो,” शेपटी म्हणाली. म्हणायला हवं होतं म्हणून. “हॅलो, दिसतंय का?”

फोन बंद झाला. मग निरोप आला: नेट गेलं गं, नंतर करतो. तिने लिहिलं, हो ना, इकडचंपण गेलं. पाठवून टाकलं. मोठ्या पडद्यावर तिचा स्वतःचाच चेहरा उरला होता, फार स्वच्छ, नाकाच्या शेंड्यासकट.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, कसं होतं? खूप स्पष्ट, ती म्हणाली. फोन मध्येच तुटलेला त्यांनी काचेतून पाहिला असावा. ते जपून म्हणाले, कधी कधी समोरच्यांकडचं जातं. शेपटी म्हणाली, हो, त्यांच्याकडचंच गेलं. मग तिने फायबरचा कागद मागितला, ज्यावर दोन वर्षांची अट लिहिली होती तो. काकांनी कागद दिला आणि त्यांचा हात जरा वेळ कागदावरच राहिला.

घरी आली तेव्हा साडेतीन वाजले होते. अजून अर्धा तास नेट होतं, पण कोणाला करायचा फोन? ती जमिनीवरच्या आरशासमोर उकिडवी बसली. तिघींनी काही वाईट केलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. कंटाळा आला की माणूस पुतळा होतो, तीही झाली होतीच की. आपलेच दात, आपलेच ओठ. पण एवढे महिने ती ज्याला शिव्या घालत होती ते नेट बिचारं निर्दोष होतं, ही गोष्ट काही केल्या गिळली जाईना. फ्रिजचा आवाज थांबला. तिने खुर्ची सरकवली नाही. त्या शांततेत ती तशीच बसून राहिली, पाय बधिर होईपर्यंत.

मग तिला सकाळचं आठवलं. आई दात बनवायची. म्हणजे दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि आई त्यांच्या मापाचे दात घडवायची. बाबांच्या मागे गावोगाव फिरताना मिळेल तिथे, मिळेल ते काम तिने केलं होतं. इथे पहिल्यांदाच मोठी प्रयोगशाळा मिळाली होती. आज चप्पल शोधता शोधता ती सहज बोलून गेली, की मला विभागाची मुख्य करतायत, मी म्हटलं, चार महिन्यांत जाणाऱ्या बाईला कशाला खुर्ची देता. आणि हसली. तेव्हा शेपटीही हसली होती. आता ते हसणं तिला नीट दिसलं, अगदी फायबरवर दिसावं तसं.

तिने खाटेखालचा खोका ओढला. ‘परत गेल्यावर उघडणे’. चिकटपट्टी एका बाजूने आपोआपच सुटली होती. आत जुन्या वह्या, चौघींनी सारख्या घेतलेल्या चार पेनांतलं तिचं एक, कठड्यावरचा एक फोटो. पेन उचलून तिने वहीवर चालवून बघितलं. शाई वाळली होती. मग तिने पेन्सिल घेतली आणि हॉलमध्ये गेली.

सातला दोघं आले. आईच्या नखांत पांढरी भुकटी, बाबांच्या बाहीला ग्रीस. बाबांनी बूट काढता काढताच विचारलं, काय मग कनेक्शनबाई, डबी ना? मी खिडकीजवळचा प्लग बघून ठेवलाय.

शेपटीने दोघांना बसायला सांगितलं. बाबा कॅलेंडरच्या खुर्चीत बसले, तर तिने त्यांना उठवून दुसरीकडे बसवलं. मग आधी काकांचं उत्तर सांगितलं. सोळा वर्षं, भाड्याचं घर, आणि खिडकीत गोल गोल फिरवायची डबी. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा फ्रिजवरच्या घड्याळाकडे बघत होते.

“आणि मैत्रिणी काय म्हणाल्या?” आईने हळूच विचारलं.

“त्या मजेत आहेत,” शेपटी म्हणाली. ती तिथे थांबली नाही. एकवीस पैजा झाल्या होत्या. ही बाविसावी, आणि ती कोणी घातली नव्हती. तिने कागद टेबलावर ठेवला आणि बोटाने भिंतीकडे दाखवलं. तिथे, खिडकीखाली एक वीतभर अंतरावर, पेन्सिलने काढलेला एक लहानसा गोल होता.

“फायबर घ्यायचं. दोन वर्षांचं. भोक तिथे पडेल. आई, तू सोमवारी प्रयोगशाळेत हो सांग. बाबा, तुम्ही दिलेलं वचन मी परत करतेय, आपण चार महिन्यांनी कुठेही जायचं नाही. आणि तुमची हातोडी काढा. घड्याळाला एक खिळा लागेल, कॅलेंडरला एक, आणि आरशाला दोन, माझ्या उंचीवर.”